अमेरिकेचा कुलकर्णी

आमच्या शाळेच्या माहितीपत्रकावर किती देशांची मुलं इथं शिकतात ते ठळक छापलेलं असतं. फाटकापाशी तेवढे झेंडेही लावलेत. खरी गंमत कळते हजेरी घेताना. अमेरिकेच्या खात्यात अय्यर, रेड्डी, गौडा आणि एक कुलकर्णी. ऑस्ट्रेलियाच्या खात्यात अरोरा. बंगळुरातल्या आयटीवाल्यांची ही पोरं. जन्म तिकडचा, पासपोर्ट तिकडचा, इथं राहायला ओसीआय कार्ड. फीचा आकडा ऐकून माझा सांगलीचा काका अजून विचारतो, "वर्षाची, की बारावीपर्यंतची एकदम?"

दिसायलाही परदेशी अशी मुलं थोडी, आणि ती पटकन रुळतात. चौथीच्या माझ्या वर्गात एक जपानी मुलगा आहे. वडील बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात. मी किर्लोस्करवाडीच्या बाजूची म्हटल्यावर त्यानं डोळेच विस्फारले. 1997 साली टोयोटानं इथं कंपनी काढली ती किर्लोस्करांच्या जोडीनं, त्यामुळे ते नाव त्याच्या घरात रोजचं. 'किरुरोसुका' म्हणतो. लक्ष्मणरावांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा हे आडनाव जपानी वळणानं आपल्या कानावर येईल असं त्या माळावर कुणाला वाटलं असेल!

कर्नाटकात 2015 च्या कायद्यानं शाळांत कन्नड सक्तीचं झालं. जपानी पठ्ठ्या मात्र ते शिकतो गाडीच्या ड्रायव्हरकडून. जेवणाच्या सुट्टीत वाढणाऱ्या अक्कांना तो "ऊट आय्ता?" म्हणून विचारतो. अक्का खूश. त्याच्या ताटात जास्तीचा पापड पडतो.

हे पाहून एकदा कुलकर्णीनंही तेच विचारलं. उच्चार त्याचा जास्त बरा होता. अक्कांनी त्याला पापड न देता चार वाक्यं फडाफडा कन्नडमध्ये ऐकवली. तो गप्प. मग त्या म्हणाल्या, "एनप्पा, कन्नड बरल्वा?" काय रे बाबा, कन्नड येत नाही? पोरगं ताट घेऊन निघून गेलं. अक्कांचा राग नव्हता, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. असा दिसणारा, असल्या आडनावाचा मुलगा, आणि बोलता येत नाही?

जपान्याला दोन शब्द आले की कौतुक. कुलकर्णीला दोनशे आले तरी उरलेले का येत नाहीत म्हणून विचारणा. घरी आजी मराठीवरून टोकते, मैदानावर इंग्रजीच्या हेलाची नक्कल होते. परकेपणाची सवलत मिळायला चेहराही परका लागतो. त्यामुळे माझ्या वर्गात सगळ्यात गप्प बसतात ती 'परत आलेली' पोरं. आयबीच्या, म्हणजे आमच्या शाळेतल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, प्रशिक्षणात आम्हाला बहुसांस्कृतिकतेवर पुष्कळ ऐकवतात. 1968 साली जिनिव्हात सुरू झालेली ही पद्धत, देशोदेशी फिरणाऱ्या घरांतल्या मुलांचा विचार करून आखलेली. परत येणाऱ्यांचं तिथं फारसं निघत नाही.

गेल्या सत्रात स्थलांतराचा घटक होता. मी शहाजीराजे घेतले. (गाव बंगळूर, बाई सांगलीची, दुसरं कोण घेणार?) 1638 साली रणदुल्लाखानाबरोबर विजापूरच्या फौजेतून ते इथं आले आणि हा मुलूख त्यांना जहागीर मिळाला. "म्हणजे कंपनीनं बदली केली," जपानी मुलगा म्हणाला. जवळजवळ तसंच. पुढं राजांनी जिजाबाई आणि शिवबाला पुण्याला पाठवलं, स्वतः कर्नाटकातच राहिले, 1664 साली होदिगेरेला शिकारीत गेले.

"बायकोमुलाला का पाठवलं?" एका कोरियन मुलीनं विचारलं.

मी जहागिरीची व्यवस्था वगैरे सुरू करणार, तोच कुलकर्णीचा हात वर. "शाळेसाठी. माझे बाबा तिकडेच आहेत. आई म्हणते, शाळेसाठी आपण इकडे."

वर्गाला ते ताबडतोब पटलं. फळ्यावर स्थलांतराच्या कारणांची यादी होती. जपान्यानं उठून 'नोकरी'च्या खाली 'शाळा' लिहिलं, आणि कुलकर्णीनं त्याचं स्पेलिंग दुरुस्त केलं.