दोन पॉइंट्सनी हरलो!

'ब्रॅकेट भरलंस का?' मार्च 2010. ऑनसाइटला इंडियानापोलिसमध्ये येऊन दोन महिने झाले होते. ऑफिसात थंडीपलीकडे माझ्याशी कुणी काही बोलत नव्हतं, आणि आता एकदम हा प्रश्न! कॉलेजच्या 65 टीम्स, हरला तो घरी. कोण कुठवर जाणार ते आधीच लिहून द्यायचं. पाच डॉलर लावले. मला माहीत असलेली टीम एकच, गावातली बटलर. तिलाच फायनलला टाकलं. सगळे खो खो हसले.

आणि ही चिमुकली युनिव्हर्सिटी खरंच फायनलला! तीही आमच्याच गावात, लुकास ऑइल स्टेडियममध्ये. समोर बलाढ्य ड्यूक. 5 एप्रिलच्या रात्री बॉसनं चक्क घरी बोलावलं. सोफ्यावर तो, मी आणि त्याचे म्हातारे वडील. नियम निम्मे कळेनात, पण धडधड ओळखीची होती, शेवटच्या ओव्हरची.

61-59. गॉर्डन हेवर्डनं थेट अर्ध्या कोर्टवरून बॉल भिरकावला. बोर्ड, रिंग... बाहेर!

आजोबांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. एक शब्द नाही. 1999 मध्ये चेन्नईत सचिन 136 वर आउट झाला आणि पाकिस्तानशी आपण 12 रन्सनी हरलो, तेव्हा बाबांनी अगदी अस्संच केलं होतं. न राहवून मी सांगितलं. क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणारा तो माणूस मन लावून ऐकत राहिला.

'मग? त्या रात्री जेवले का तुझे वडील?'

नव्हते जेवले.