कूलर बंद करून

मे महिन्यात हिंगणघाटात कूलर बंद करून बसणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. पारा ४५ला टेकलेला, पंखाही बंद, आणि मी पितळी कड्यावर मायलरचा पडदा ताणतोय. पडद्याची जाडी ६ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० भरतो. पडद्यावर सोन्याचा मुलामा, त्यामागे चाळीसेक मायक्रॉनवर छिद्रं पाडलेली पितळी चकती. आवाजाने पडदा हलतो, चकतीपासूनचं अंतर बदलतं, त्याबरोबर व्होल्टेज. ई. सी. वेन्ट यांनी १९१६ साली बनवलेला कंडेन्सर माइक आजही मुळात एवढाच आहे.

पण हे काम आमच्या हवेला मंजूर नाही. दिवाळीनंतर जिनिंगं सुरू झाली की सरकीचा बारीक तंतू घराघरात तरंगतो, आणि ६० व्होल्टवर भारलेला पडदा तो बरोबर ओढून घेतो. पावसाळ्यात तंतू नसतो, पण ओल असते. राहिला उन्हाळा, त्यात कूलर म्हणजे घरात आणलेला पावसाळाच. म्हणून एप्रिल-मेच्या रात्री माझ्या.

दुरुस्तीला येणाऱ्या माइकांची तक्रार बहुतेक एकच. "भाऊ, तडतडून राह्यला ना हा!" फोडणीतल्या मोहरीसारखा आवाज येतो आणि मालकाला वाटतं, कॅप्सूल, म्हणजे पडदा-चकतीची ती जोडी, गेली. गेलेली नसते. कॅप्सूलची धारकता पिकोफॅरडांत मोजण्याइतकी, तिच्यापुढचा रेझिस्टर गिगाओहमचा. अशा ठिकाणी कडेच्या धुळीवर बसलेली ओलाव्याची पापुद्रीसुद्धा विजेला वाट करून देते. सिलिका जेलसोबत दोन दिवस डब्यात ठेवला की निम्मे माइक गपगुमान बोलायला लागतात. मी पैसे घेतो ते हात न लावल्याचे.

हात लावल्याचे एकदा माझ्या खिशातून गेले. पहिल्या वर्षी एका पडद्यावरचा डाग कापसाच्या बोळ्याने पुसला, तर बर्फीवरचा वर्ख निघावा तसं सोनं बोळ्यावर आलं.

ताण किती द्यायचा, हे पुस्तकापेक्षा भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्याला लवकर कळलं. पडदा सैल राहिला तर विजेच्या ओढीने चकतीला चिकटतो आणि माइक मुका होतो. फार ताणला तर खर्ज जातो, आवाजही क्षीण येतो. तो म्हणाला, "आमची बी तशीच. पावसात भदभद, जास्त शेकली का टणटण." तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी शेकायला शिकवावं लागत नाही.

त्याच्याच मंडळासाठी दोन कॅप्सूल बनवल्या. एक नॉयमन कंपनीच्या के-६७ धाटणीची, दुसरी के-४७च्या. के-६७ मुळातच वरचे स्वर उचलून धरते. १९६०च्या यू-६७ माइकमध्ये सर्किट ते पुन्हा खाली आणतं. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त माइकांनी कॅप्सूलची नक्कल केली आणि सर्किटातली दुरुस्ती गाळली. मग खंजिरीच्या झांजा कानात सुया टोचतात आणि दोष बिचाऱ्या कॅप्सूलला लागतो.

दोन्ही एकाच जाळीत, एकाच सर्किटवर लावून ऐकवल्या (जाळी बदलली तरी आवाज बदलतो, हे लोक विसरतात). सगळ्यांनी के-६७ला पसंती दिली. मला खटकलं. मोजलं, तर ती जेमतेम एक डेसिबलने मोठी वाजत होती. पातळी सारखी करून, कोणती कुठली ते न सांगता पुन्हा ऐकवलं, तर खंजिरीवाल्यासकट सगळे दुसरीकडे वळले. मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या जाणत्यांचे कानही याला अपवाद नाहीत, माझे तर नाहीतच. 'या माइकचा आवाज भरदार आहे' असं कुणी सांगितलं की आता मी आधी विचारतो, पातळी जुळवली होती का?

मंडळाकडे के-४७ गेली. के-६७ कपाटात आहे, सर्किट दुरुस्त होईपर्यंत.

तुमच्याकडे असा माइक असेल तर पावसाळ्यात पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिकाच्या पुड्या पुरेत. जाळी उघडू नका. उघडलीच, तर कापूस लावू नका, हिंगणघाटचा असला तरी.