पासबुकातले वीस रुपये!

अहो, पासबुक काढा! मे महिन्याच्या शेवटी २० रुपये वजा झालेत का बघा. झालेत? मग तुमचा अपघात विमा असणार! मला पत्ताच नव्हता! मेळघाटात, चिखलदऱ्याला बँकेबाहेर धुक्यात उभं राहून ती बारीक ओळ वाचली आणि मग आत जाऊन विचारलं आणि मग जे कळत गेलं ते सांगितल्याशिवाय राहवेना!

विम्यातलं मला फारसं कळत नाही. पण ऐका तर! प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, २०१५ पासूनची. आधी वर्षाला १२ रुपये, जून २०२२ पासून २०. वय १८ ते ७०. अपघातात जीव गेला तर घरच्यांना २ लाख. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तरी २ लाख! एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख! म्हणजे थ्रेशरमध्ये हात गेला, पण माणूस वाचला, तर त्या वाचलेल्या माणसाचाही विचार केलाय!

आणि मग तालुका कृषी कार्यालय! बाकावरचे एक काका म्हणाले, "सातबारा हाये नं? मंग हप्ता कायचा, बावा!" खरंच! गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. २०२३ पासून मधे विमा कंपनीच नाही, सरकारच पैसे देतं! वय १० ते ७५, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला आणखी एक जणही धरलेला! आणि कुठले अपघात धरलेत ती यादी! वीज पडणं, साप, विंचू, फवारणीतली विषबाधा, पाण्यात बुडणं, उंचावरून पडणं, जनावराचा हल्ला, बाळंतपणातला मृत्यूसुद्धा! अहो, ही तर मेळघाटाचीच यादी! आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू मात्र यात बसत नाहीत.

आता तुम्ही माझ्यासोबत एक काम करा. गावात सांगत सुटा! साप चावला तर गावच्या भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैद्याकडे नंतर, आधी दवाखाना! जीव वाचेल, आणि दवाखान्याची ती नोंद बँकेच्या विम्यालाही लागते! बँकेत वारसाचं नाव लागलंय का तेही विचारा. आणि कुणाच्या घरी काही झालंच, तर रडणाऱ्या माणसांना अर्जाचं सुचणार नाही, तुम्हीच कागद गोळा करा, कारण तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज ३० दिवसांत जायला हवा!