नऊ बेचाळीस

बाण फिरत होता, पण घड्याळ थांबलं होतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ९.४२, भिंतीवर पावणेदहा. मी आमच्या बचत गटाचे हप्ते भरत होते. बाराजणींपैकी सातजणींचे आकडे टाकून झाले होते, आठवीचं नाव टाईप केलं तर एक अक्षर उमटेना. घाबरून सीपीयूचं बटण दाबून धरलं. पुन्हा चालू केलं तेव्हा सातही नोंदी गेलेल्या. पैसे दुसऱ्यांचे, हिशेब माझ्या हाती. त्या रात्री मला झोप आली नाही.

ही २०२५च्या दिवाळीनंतरची गोष्ट. पुढे रोज एक-दोनदा असं होऊ लागलं. कधी दिवसभर काही नाही. कधी मिनिटभरानं आपोआप सुटायचं आणि अडकलेली सगळी अक्षरं एकदम धावत यायची.

आमच्या जवळा बाजार गावात कशाचंही पहिलं खापर लाइटीवर फुटतं. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब मंदावतो, तेव्हा तेही खोटं नाही. कुणी म्हणालं, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आत गेला असेल. कुणी म्हणालं, विंडोज १० बंद झालं ना, त्यामुळे. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपला होता खरा. पण सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट थांबले, चालू कॉम्प्युटर अडवायला कुणी येत नाही, हे मला नंतर कळलं.

सीपीयू दुरुस्तीला दिला. दवाखान्याच्या दारात ताप उतरावा तसं झालं. दुकानात दोन दिवस एकदाही हँग झाला नाही. फॉरमॅट मारून परत दिला आणि तिसऱ्या दिवशी घरी पुन्हा तेच.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, आधी हिशेबाची फाईल पेनड्राइव्हवर घे. मग एक वही कर. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, लाइट होती की इन्व्हर्टर, काय उघडं होतं, किती वेळ अडकला, सगळं लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल."

अकरा दिवसांत सतरा नोंदी झाल्या. त्यातल्या पाच लाइट गेलेली असताना, इन्व्हर्टरवरच्या. म्हणजे मोटारींचा दोष नव्हता. मग वायर काढून, सीपीयूच्या पत्र्याला हात टेकवून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि मऊ ब्रशनं पंख्यातला भुसा झाडला. बराच निघाला. तीन दिवस थांबले, नोंदी चालूच. मग रॅम काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरनं पुसली. मुलानं कुरिअरनं पाठवलेल्या पेनड्राइव्हवरून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालवली. सकाळी चुका शून्य. तेव्हा मला रडू आलं. काहीतरी सापडावं असं वाटत होतं.

पुढचं काम टास्क मॅनेजर सतत उघडा ठेवायचं. दुपारी हँग झाला आणि मी पाहिलं : डिस्क १०० टक्के, आणि वाचणं-लिहिणं दोन्ही शून्य. डिस्क पूर्ण गुंतलेली, पण काम काहीच होत नव्हतं. मुलानं मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायला लावला. त्यात पिवळ्या त्रिकोणाचा एकच इशारा पुन:पुन्हा आला होता, क्रमांक १२९. डिस्ककडून उत्तर येत नाही म्हणून तिच्याशी जोडणी नव्यानं सुरू केली, असा त्याचा अर्थ. मी वही शेजारी ठेवली आणि वेळा ताडून पाहू लागले. माझ्या प्रत्येक नोंदीसमोर तिथे इशारा होता, मिनिटाचाही फरक नाही. इतके दिवस भास वाटावा असं जे होतं, त्याची नोंद कॉम्प्युटरही ठेवत होता.

डिस्क मरायला टेकली असेल, या भीतीनं डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. खराब होऊन बदललेले सेक्टर शून्य, संशयातले सेक्टर शून्य. फक्त एक आकडा वाढत होता, सीआरसी एरर काउंट : १८७, मग १९६, मग २१२. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेबद्दल बोलतो. मोंढ्यात गाडीवरून पोती उतरवताना एकजण मोजतो, आत थप्पी लावणारा पुन्हा मोजतो. आकडा जुळला नाही की परत मोजणी, आणि तोवर मागच्या गाड्या उभ्या. केबलमधून जाणाऱ्या माहितीची अशीच पडताळणी होते. जुळली नाही की ती पुन्हा मागवली जाते, आणि फारच अडलं की सगळं थांबतं.

दोष निघाला तो बोटभर रुंदीच्या लाल साटा केबलमध्ये. टोकाला पकड धरणारी पत्र्याची क्लिपही नव्हती तिला. मग आठवलं, दिवाळीच्या रंगकामात सीपीयू ओट्यावर नेऊन ठेवला होता, तेव्हाच ती सैल झाली असणार, कारण कॉम्प्युटर पहिल्यांदा अडकला तो त्यानंतरच्या आठवड्यात.

परभणीहून क्लिपवाली नवी केबल मागवली आणि दोन्ही टोकांचा टक् आवाज ऐकू येईपर्यंत दाबून बसवली. तो सीआरसीचा आकडा कधी कमी होत नाही, नवी चूक झाली तरच वाढतो. आज चोविसावा दिवस. रोज दिवेलागणीला उघडून बघते आणि वहीत लिहिते : २१२.