सोयाबीनची रास आणि ज्वारीची ओल

सोयाबीन सकाळी कापायचं असतं. रात्रीच्या दवानं शेंगा किंचित नरम पडलेल्या असतात, तेवढ्या वेळात विळा चालला तर त्या तडकत नाहीत. ऊन वर आलं की नुसत्या हाताच्या धक्क्यानं दाणे भुईवर उडतात, आणि ते वेचायला कुणाला सवड नसते. म्हणून दसऱ्याच्या आसपास औसा तालुक्यातल्या आमच्या घरी सगळे अंधारातच उठतात. मी भाकऱ्या थापते, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कारळाची चटणी आणि कांदे फडक्यात बांधतात, मामा, म्हणजे सासरे, धार काढतात. फटफटायच्या आत आम्ही रानात असतो.

रान आमचं साडेतीन एकर, सगळं कोरडवाहू. पाच ओळी सोयाबीन, मग एक ओळ तूर, अशी जूनमधली पेरणी. सोयाबीन निघतं तेव्हा तूर फुलावर यायला लागलेली असते, ती न मोडता कापणी करावी लागते. गुत्तेवाले बॅगेच्या हिशेबानं भाव ठरवतात, म्हणजे जेवढं बियाणं पेरलं त्यावर मजुरी. ते झपाट्यानं कापतात, पण तुरीच्या फांद्या मोडतात. म्हणून निम्मं रान आम्ही सावडीनं काढतो. शेजारच्या दोन घरच्या बाया आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांच्याकडे जातो. साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डाव्या हातात पायमोजा घालतो, कारण वाळलेली शेंग काट्यासारखी टोचते. एवढं करूनही संध्याकाळी पीठ मळताना बोटं चुरचुरतात.

मी लातूर शहरात वाढले. लग्न होऊन आले तेव्हा पाऊस चांगला की वाईट, एवढंच मला कळायचं. या दिवसांत तो एकाच वेळी दोन्ही असतो, हे इथे आल्यावर समजलं. कापलेलं सोयाबीन सरीवर पसरलेलं असताना हस्ताची सर आली तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, किंवा तो काळा पडतो आणि आडतीवर डागी म्हणून बाजूला काढला जातो. पण तोच पाऊस मुरला नाही तर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ज्वारी पेरायची कशावर? आमच्या ज्वारीला वरून पाणी नाहीच. काळ्या मातीत जी ओल साठते, तिच्यावरच ती थंडीभर वाढते. संध्याकाळी आभाळ भरून येतं तेव्हा आत्याबाई म्हणतात, “आजची रात थांब रं बाबा.” मामा काही बोलत नाहीत. त्यांना तो हवाही असतो.

आभाळ आलं की घरात कुणी कुणाला काम सांगत नाही. आमचे हे आणि मामा कवळे ओढून बनीम, म्हणजे गंजी, रचतात, शेंगांची बाजू आत आणि बुडखे बाहेर. मुलगी ताडपत्रीची टोकं धरते, धाकटा दगड आणून ठेवतो. मुलांचा अभ्यास बुडतो याचं मला वाईट वाटतं, पण त्या अर्ध्या तासात त्यांचे हात नसतील तर वर्षाचा माल भिजतो, हेही खरं आहे.

आमच्याकडे रासा दोन होतात, एक विकायची आणि एक बियाण्याची. सोयाबीनला संकराचं बियाणं नसतं. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की दोन-तीन वर्षं घरचं पेरता येतं. आत्याबाई पीक उभं असतानाच रानाचा चांगला तुकडा हेरून ठेवतात, वेगळ्या वाणाची झाडं उपटून टाकतात, आणि त्या तुकड्याचं सोयाबीन पूर्ण वाळल्याशिवाय मळू देत नाहीत. मळणीयंत्रवाल्याला घाई असते, कारण त्याला रात्रीपर्यंत तीन शेतं करायची असतात. तरी आत्याबाई यंत्रापाशी उभ्या राहून ड्रमचे फेरे कमी करायला लावतात. मिनिटाला चारशे-पाचशे फेऱ्यांच्या वर गेलं तर दाण्याचं पातळ साल फुटतं. वरून ते दिसतही नाही, पण जूनमध्ये उगवत नाही. बियाण्याचं पोतं आमच्या घरी कुणी आपटत नाही. तागाच्या पोत्यात भरून, खाली फळ्या टाकून ठेवतात. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे. सत्तरला मोड आले तर एकरी तीस किलो पुरतं, कमी आले तर जास्त पेरायचं. या वयात एवढी नेटकी नजर आणि एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

घटाला काळी माती आणायचं कामही त्यांचंच. घट बसले की तरवडाच्या आणि कारळाच्या फुलांच्या माळा मुलगी करते. नवव्या दिवशी कोणतं धान्य कसं उगवलं, हे मामा वाकून बारकाईनं बघतात. दसऱ्याला ते कोंब टोपीत खोवून देवाला जातात आणि दुसऱ्या दिवशी रानात उकरून मातीची मूठ वळून बघतात. २०२४ साली मूठ घट्ट वळली. तुरीच्या ओळींमधून तिफण चालली, मालदांडी ज्वारी आणि हरभरा पेरला. आत्याबाईंनी चाड्यावर मूठ धरली. ज्वारी आम्ही घरी खायला पेरतो, आणि म्हशीच्या कडब्यासाठी. सोयाबीनची गुळी म्हैस खाते, पण तिच्यावर उन्हाळा निघत नाही.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात दर त्याहून खाली. सरकारी खरेदीला दाण्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. नोव्हेंबरच्या मध्याला ती मर्यादा पंधरावर नेली, पण दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच होऊन गेली होती. दुकानाची उधारी, मुलीची फी आणि बहिणींची ओटी थांबत नाही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आधीच निम्मी पोती आडतीवर गेली. उरलेली ह्यांनी अंगणात पसरली. मी आणि मुलगी दिवसभर पायांनी दाणे हलवत राहिलो, संध्याकाळी गोळा करून पुन्हा झाकलं. मूठभर दाणे दाताखाली धरून मामा सांगायचे, “अजून दोन उन्हं.”

ती पोती हमीभावानं गेली. बियाण्याची पोती विकायचा विषय पैशाची ओढ असतानाही निघाला नाही. पुढचे पैसे मग तुरीचे, जानेवारीत. तोवर हरभऱ्याची खुरपणी होती आणि ज्वारीची पाखरं राखायची होती.