दोनशे चाळीस ओळी

पप्पांचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा १ जूनलाच असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती जन्मतारीख. आजीला विचारलं तर ती सांगायची, तू झालास तेव्हा नदीला पाणी होतं. पण कागदावर १ जून १९६७ लागली ती लागली, आणि तिथेच त्यांच्या निवृत्तीची तारीखही ठरून गेली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे २०२५. आमच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता होता फेब्रुवारी २०४१ चा.

पप्पा एसटीत कंडक्टर, शहादा डेपोला. मी लहानाचा मोठा झालो तो शहाद्यातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये. एकूण पाच घरं बदलली. २०११ साली पप्पांनी गावाबाहेरच्या एनए लेआउटमध्ये एक प्लॉट घेतला आणि पुढची दहा वर्षं आम्ही दर दिवाळीला तो प्लॉट बघायला जायचो. बघण्यासारखं काही नसायचं. गवत, चार खांब. आई एका कोपऱ्यात उभी राहून म्हणायची, इथे ओटा. फेब्रुवारी २०२१ मध्ये बांधकामासाठी कर्ज मंजूर झालं : बारा लाख, ७ टक्के व्याज, वीस वर्षं. पप्पांची नोकरी चारच वर्षं उरलेली, म्हणून सहकर्जदार मी. मला पुण्यात नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं, आणि कोविडमुळे मी शहाद्यातूनच काम करत होतो. हप्ता ९,३०४ रुपये.

तेव्हा मला हा आकडा फार वाटला नव्हता. पप्पांना वाटला होता, पण त्यांनी त्याचा हिशेब लावून ठेवला होता : 'निवृत्तीला पीएफ येईल, तेव्हा मिटवून टाकू.'

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या पुण्यातल्या मित्रांना ती माहीत नव्हती. एसटीवाल्याला सरकारी कर्मचाऱ्यासारखी पेन्शन नसते. त्याला मिळते ती १९९५ च्या ईपीएस योजनेची. तिचं सूत्र सोपं आहे : पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मेख 'धरलेला पगार' या शब्दांत आहे. खरा पगार कितीही असो, धरायचा जास्तीत जास्त ६,५००, आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पप्पांची तीस वर्षांहून जास्त नोकरी या सूत्रातून काढली की येतात साडेचार हजार रुपये. महिन्याला. म्हणजे अर्धा हप्ता. आणि पीएफ कर्जात गेला, तर उरलेल्या आयुष्यासाठी घर आणि साडेचार हजार.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तो संपाच्या दिवसांत. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद. हप्ता माझ्या खात्यातून जायला लागला. पप्पा सकाळी उठून, दाढी करून, खाकी न घालता बसून राहायचे. एका रात्री मी लॅपटॉपवर एक्सेल उघडलं आणि कर्जाचं पूर्ण वेळापत्रक काढलं. २४० ओळी. प्रत्येक ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, उरलेली बाकी.

पहिली ओळ : ९,३०४ पैकी व्याज ७,०००, मुद्दल २,३०४.

मी इंजिनिअर आहे, चक्रवाढ व्याज शिकलोय, तरी ही ओळ बघून मला घाम फुटला. सगळ्या ओळींची बेरीज बावीस लाखांच्या वर जात होती. मग बराच वेळ बघत राहिल्यावर त्या तक्त्यातली दुसरी गोष्ट दिसली. दुसऱ्या ओळीतलं मुद्दल होतं २,३१७. पहिल्या हप्त्यासोबत मी हे २,३१७ जास्तीचे भरले, तर मी थेट तिसऱ्या ओळीवर उभा राहतो. दुसऱ्या ओळीतलं ६,९८७ रुपये व्याज कुणालाच द्यावं लागत नाही. ती ओळच नाहीशी होते. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरल्याचा दंड बँकेला घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे.

पप्पांना मी हे वेबिलाच्या भाषेत सांगितलं. ते लगेच समजले. कंडक्टरला रुपयाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पाच रुपये कमी भरले तरी त्याची चौकशी होते. त्यांनी मला तो तक्ता छापून आणायला लावला आणि स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी चिकटवला. भरलेल्या ओळींवर लाल पेनाने रेघ. आईला म्हणाले, 'कर्ज लिधं ते फेडनं पडस.' घरात आम्ही अहिराणी बोलतो. आई भाकरी थापत होती. तिने वर बघितलं, ओळी मोजल्या नाहीत, फक्त म्हणाली, कागद तेलकट होईल.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी नोकरी बदलली. पगार जवळजवळ दुप्पट झाला आणि पुण्याला परत यावं लागलं. तेव्हा ठरलं : हप्ता पप्पा भरतील, ओळी मी खोडीन. सुरुवातीला महिन्याला वीस हजार, मग तीस, शेवटच्या वर्षात चाळीस. बँकेच्या अॅपमध्ये जास्तीचे पैसे भरताना विचारतात, हप्ता कमी करायचा की मुदत. मुदत.

काटकसरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मारुंजीला चौघांत एक फ्लॅट, हॉलमधली कॉट माझी, कारण हॉलचं भाडं कमी. दुपारी ऑफिसचं कँटीन, रात्री मेस. गाडी घेतली नाही. फोनचा काच तडकलेला, त्यावर सेलोटेप. घरून येताना आई कळण्याचं पीठ, लाल मिरचीची पूड आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. नंदुरबारची मिरची एवढी की अख्ख्या फ्लॅटला शेवभाजी पुरायची, आणि त्या बदल्यात सिलिंडरच्या वर्गणीतून मला सूट. रूममेट मला 'चिकट' म्हणायचे. शुक्रवारी टीम बाहेर जायची. पहिले काही महिने मी कारणं सांगितली, नंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

यूट्यूबवर याच सगळ्याला इंग्रजी नावं आहेत, चाळिशीत निवृत्त होणाऱ्यांचे चॅनेल आहेत. मी ते पुष्कळ बघितले. एक गोरा माणूस डाळ कशी स्वस्त आणि पौष्टिक असते ते पंधरा मिनिटं सांगत होता. मी तो व्हिडिओ आईला पाठवला. तिने पूर्ण बघितला आणि विचारलं, याला काय झालंय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र माझं गणित उलटं फिरलं. त्याआधीच्या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो रेट ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला होता आणि आमचं कर्ज त्याला बांधलेलं. ७ चे ९.५ झाले. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवली. एक मेसेज आला, तो मी जाहिरात समजून वाचलाच नव्हता. नवा तक्ता काढला. चोवीस हप्ते झाले होते, म्हणजे २१६ उरायला हवे होते. वरून मी सहा महिन्यांत एक लाख वीस हजार जास्तीचे भरले होते. तरी उरलेल्या ओळी आल्या २६५.

तो कागद घेऊन मी शहाद्याला गेलो. पप्पांनी जुना कागद काढला, नवा लावला, आणि शेवटच्या ओळीचा क्रमांक बघून चष्मा पुसला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी ड्युटीला गेले, धडगावची मुक्कामी गाडी होती. होळीच्या आधीचे दिवस, भोंगऱ्याचे बाजार भरायचे होते. त्या आठवड्यात घाटातल्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि पहिलं वाक्य : 'दोनशे पासष्ट तर दोनशे पासष्ट.' (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की व्याजदर बदलताना मुदत वाढवायची की हप्ता, हे कर्जदाराला विचारा.)

ऑफिसमधला एक मित्र मला रोज समजवायचा. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज फेडण्यापेक्षा ते पैसे इंडेक्स फंडात टाक. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. २०२३ साली निफ्टी सुमारे वीस टक्के वर गेला, त्याची एसआयपी फुगली, माझ्या भिंतीवरच्या रेघा वाढल्या. पण त्याचे वडील प्राध्यापक होते. त्याच्या गणितात अर्ध्या हप्त्याएवढी पेन्शन नव्हती. आणि नोव्हेंबरमध्ये माझं प्रोजेक्ट संपलं, मी दोन महिने बेंचवर होतो. जगभर आयटीत माणसं कमी होत होती. रोज सकाळी लॉगिन होतंय का हे बघायचं आणि सुटकेचा श्वास टाकायचा. त्या दोन महिन्यांत मी चाळीस हजार भरले. पुढच्या महिन्यात भरता येतील की नाही याची खात्री नव्हती म्हणून. घाबरलेला माणूस फंडात पैसे टाकत नाही, ओळी खोडतो.

२०२४ च्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाकी सव्वातीन लाखांच्या आसपास होती. शेवट दिसत होता. मी खुशीत होतो. जेवताना माझ्या लक्षात आलं की आई भाकरीचा पापुद्रा काढून फक्त मऊ भाग खातेय, तोही वरणात कुस्करून. शंकरपाळ्याला तिने हात लावला नाही. विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय. पप्पा ताटात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कळलं. उजवीकडची खालची दाढ तिने चार महिन्यांपूर्वी काढून टाकली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दाढ वाचेल, रूट कॅनाल करा, वर टोपी बसवा, सगळं मिळून साडेसहा हजार. काढायची असेल तर पाचशे. तिने पाचशे दिले. काढल्यावर शेजारची दाढही हलायला लागली होती.

मी चिडलो. पप्पांवरच जास्त. सांगायचं नाही का मला? साडेसहा हजार काय मोठे होते?

आई गॅसपाशी उभी होती. तिने भिंतीवरच्या कागदाकडे हात केला. 'एक ओळ होती.'

मी कागदाजवळ जाऊन बघितलं. बरोबर होतं. आम्ही त्या वेळी जिथे होतो, तिथल्या ओळीतलं मुद्दल साडेसहा हजारांच्या आसपासच होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं की आई त्या कागदाकडे फक्त तेल उडू नये म्हणून बघते. तिने तो नीट वाचला होता, माझ्यासारखाच, आणि मी शिकवल्याप्रमाणे वापरला होता. फक्त एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. सुरुवातीच्या ओळी खोडण्यात सात सात हजार व्याज वाचायचं. शेवटाकडच्या ओळीत व्याज उरलं होतं जेमतेम सव्वीसशे. सव्वीसशे रुपयांसाठी एक दाढ. आणि मलासुद्धा ते तोवर सुचलं नव्हतं. मी डोळे मिटून चाळीस हजार भरतच होतो. २०२२ साली एक एक रुपया भरण्यात जो अर्थ होता, तो २०२४ मध्ये उरला नव्हता. सहा महिने उशिरा फिटलं असतं तर काय बिघडलं असतं? पप्पांचा पीएफ आल्यावर त्यातली थोडी रक्कम गेली असती. एवढंच.

मी म्हटलं, उद्या नंदुरबारला दाखवू. आई म्हणाली, आता संपू दे ते. पप्पांना विचारलं, तुम्ही तरी बोलायचं. ते म्हणाले, 'तिने मला तरी कुठे विचारलं?' मग थोड्या वेळाने पायातले बूट दाखवले. ड्युटीचे, तळ शिवलेले, दोनदा. 'माले काय लागस,' म्हणाले. मी कॉटवर झोपून, मेसचं खाऊन, स्वतःला त्या घराचा एकटा काटकसरी माणूस समजत होतो.

तरी मी वेग कमी केला नाही. हे लिहायला हवं, कारण नंतर मित्रांना ही गोष्ट सांगताना मी तो भाग गाळतो. कमी करता आला असता. पण ३१ मे डोक्यात इतका बसला होता की सोडवेना. आईनेही सोडू दिलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये शेवटची रक्कम भरली. एकूण व्याज गेलं तीन लाखांच्या आसपास. मूळच्या तक्त्यात ते सव्वादहा लाखांच्या वर होतं. पप्पांना फोन केला तेव्हा ते गाडीत होते. मागून कुणीतरी सुट्टे मागत होतं. 'बठं फिटी गयं?' त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. 'बरं, संध्याकाळी बोलतो,' म्हणून ठेवला.

कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा नियम आहे, उशीर झाल्यास बँकेला दिवसाला पाच हजार भरावे लागतात. आमचे तीन आठवड्यांत मिळाले. सातबारावरचा बोजा उतरवायला मात्र अर्ज, ना-देय दाखला आणि तीन चकरा लागल्या. पप्पांनी त्या स्वतः मारल्या. मला येऊ दिलं नाही.

३१ मे ला शनिवार होता. डेपोत शाल, श्रीफळ, फोटो झाले. त्याआधी सकाळच्या शेवटच्या फेरीला मी त्यांच्या गाडीत बसलो होतो. त्यांनी माझ्याकडून पूर्ण तिकीट घेतलं आणि मशीनमधून आलेला कागद फाडून माझ्या हातात दिला, बाकीच्यांना देतात तसा, माझ्याकडे न बघता.

जूनमध्ये आम्ही तिघं नंदुरबारला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन पर्याय सांगितले. आईने सगळ्यात स्वस्त कुठला ते विचारलं, पप्पांनी मधला निवडला. हलणारी दाढ वाचली नाही. जूनमध्ये आणि जुलैमध्ये मिळून चार चकरा झाल्या आणि ब्रिज बसला. भिंतीवरचा कागद काढला तिथे चौकोनी, स्वच्छ डाग राहिलाय. आई भाकरी अजून डावीकडूनच चावते. सवय झाली म्हणते.