आधी वारा, मग पाणी

मुलांनो, पाणी आणि वीज यांचं हाडवैर तुम्हांला ठाऊकच आहे. ओल्या हातानं बटणाला हात लावू नका, असं मी माझ्या चौथीच्या वर्गाला दरवर्षी बजावते. आणि आमचे भाचेराव म्हणतात, "मावशी, मी कॉम्प्युटरच्या पोटातून पाणी फिरवणार!"

दोन वर्षं शिकवण्या घेऊन त्यानं पैसे साठवले होते. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग आणले. शिवाय पंप, नळ्या आणि मोटारीच्या रेडिएटरचं पिल्लू शोभेल असा छोटा रेडिएटर. कल्पना काही खुळचट नाही बरं का! तितक्याच वजनाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे चौपट उष्णता पोटात घेतं. पुण्याच्या आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रव खेळवूनच थंड ठेवतात. मात्र पाणी म्हणजे बर्फ नव्हे. ते उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं, तिथे पंखे ती उडवून लावतात. खोलीतल्या हवेपेक्षा गार ते करू शकत नाही.

मला वाटलं, आता नळ्या जोडणार. पण त्यानं त्या बाजूला ठेवल्या. प्रोसेसरवर साधा पंखा बसवला आणि मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला. चालू करायला बटणसुद्धा नव्हतं! दोन बारीक पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, पंखा गरगरला, पडद्यावर अक्षरं उमटली. मी पेढे आणायला पिशवी उचलली.

"थांब गं मावशी. हजेरी लागली, परीक्षा कुठे झालीय?"

परीक्षेचं नाव 'मेमटेस्ट'. हा प्रोग्रॅम मेमरीच्या कप्प्याकप्प्यात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचून बघतो. अगदी आपल्या शुद्धलेखनासारखं. अर्ध्या तासानं पडद्यावर लाल ओळी! पोराचा चेहरा पडला. पण डोकं शाबूत होतं. त्यानं एकेक पट्टी त्याच खाचेत लावून तपासली. एक पास, दुसरी नापास. म्हणजे खाच निर्दोष, चोर ती पट्टीच.

पाणी आधीच भरलं असतं तर? पहिला संशय पाण्यावर. कुठे थेंब पडला का, म्हणून सगळं उपसत बसायचं. दुकानदारही म्हणाला असता, "तुम्हीच भिजवली असेल." शिवाय ग्राफिक्स कार्डाला पाणी द्यायचं तर त्याचे मूळ पंखे उतरवावे लागतात. मग ते बिघडलेलं निघालं, तर परत घेताना कुरकुर होऊ शकते. कोरडी पट्टी दुकानदारानं मुकाट्यानं बदलून दिली.

नवी पट्टी रात्रभर तपासली. मग प्रोसेसरला तासभर पूर्ण कामाला जुंपलं. भर मे महिना, तरी पारा ८४ अंशांवर थांबला. साधारण ९५ ते १०० अंशांच्या घरात गेल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे खरं सांगू का, पंख्यावरही भागलं असतं! पण हौसेला मोल नसतं.

शेवटी नळ्या जोडल्या. तरी वीज फक्त पंपाला दिली, बाकी सगळं बंद. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. सकाळी पाहतो तर एक कागद कोपऱ्यात ओला! त्यानं पंप थांबवला, तो सांधा आवळला, नवा कोरडा कागद ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मावशी, अजून चोवीस तास."